हिवाळ्यात थंडी पडली नाही तर?

डिसेंबर महिन्यात लातूर जिल्ह्यातील रेणापूरच्या आसपासच्या शिवारात फेरफटका मारला, तर हरभरा फुलावर आलेला दिसतो. रब्बी ज्वारी पोटरीत असते किंवा निसवू लागलेली असते. बांधाकडेने करडई उभी असते आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची ये-जा चालू असते. या सगळ्या पिकांचे वेळापत्रक एक गोष्ट गृहीत धरून ठरलेले आहे, ती म्हणजे पहाटेची थंडी. एखाद्या वर्षी ती पडत नाही. शेकोट्या पेटत नाहीत, गोधड्या घडीतून निघत नाहीत, आणि 'यंदा थंडी पडलीच नाही' हे वाक्य कट्ट्यापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सगळीकडे ऐकू येते.

या वाक्याचा नेमका अर्थ काय? थंडी न पडण्याची कारणे कोणती, आणि तिच्यामुळे कोणाचे काय बिघडते किंवा सुधारते? शाळेतील भूगोल, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र या तिन्ही तासांना पुरेल एवढे खाद्य या एका प्रश्नात आहे.

थंडी येते कुठून?

रेणापूर साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. २१ मार्चला हीच उंची साडेएकाहत्तर अंश होते. हिवाळ्यात किरणे तिरपी पडतात आणि दिवसही सुमारे ११ तासांचाच असतो. जमिनीला उष्णता कमी मिळते, हे खरे. पण एवढ्यावरून आपल्याकडच्या थंडीचा उलगडा होत नाही. डिसेंबरातही दुपारचे तापमान ३० अंशांच्या जवळपास जाते. म्हणजे आपली थंडी ही दिवसाची नसून रात्रीची आहे. मिळकत किती यापेक्षा रात्रभरात खर्च किती, यावर ती ठरते.

हा खर्च प्रारणाच्या रूपाने होतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८ केल्व्हिन तापमानाची जमीन, स्टेफान-बोल्ट्झमन नियमाप्रमाणे, दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॅट इतकी ऊर्जा सोडते. वरचे वातावरणही खाली ऊर्जा पाठवत असते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ही परतफेड ३०० वॅटच्याही खाली राहू शकते. आकाशात खालच्या थरातले दाट ढग असतील तर ती ३७० वॅटपर्यंत जाते. पहिल्या रात्री जमिनीची निव्वळ तूट सुमारे १०० वॅट होते, दुसऱ्या रात्री ती जेमतेम २० वॅट. त्यामुळे ढगाळ रात्रीनंतरची पहाट उबदार असते. ढग स्वतः ऊब निर्माण करत नाहीत. जमिनीची उष्णता ते सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत, इतकेच.

हवेतील बाष्पाचाही यात वाटा आहे. बाष्प अदृश्य असले तरी अवरक्त किरण शोषून घेते. शिवाय हवा गार होत दवबिंदू तापमानाला पोचली की बाष्पाचे पाणी होऊ लागते, आणि दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे २४५० ज्यूल उष्णता मोकळी होते. त्यामुळे पुढची घसरण मंदावते. कोरड्या हवेत हा अडसर फार खाली लागतो, म्हणून पारा खोलवर उतरतो.

तेव्हा कडाक्याच्या थंडीसाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि शांत वारा. त्यात उत्तरेकडून थंड हवेचा पुरवठा झाला तर हुडहुडी भरते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले, की त्यांच्या मागून ही थंड, कोरडी हवा दक्षिणेकडे उतरते. जागेचाही परिणाम होतो. थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून वाहत सखल भागात साचते. बालाघाटच्या पठारावरील गावापेक्षा रेणा किंवा मांजरा नदीच्या काठच्या शेतात गारठा अधिक जाणवतो, तो यामुळेच.

थंडी हरवण्याचे दोन प्रकार

२०२४ च्या डिसेंबरातील पहिला आठवडा आठवून पाहा. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी 'फेंगल' चक्रीवादळाने पुदुच्चेरीजवळ किनारा ओलांडला. रेणापूरपासून हे ठिकाण सुमारे ८०० किलोमीटर दूर. तरीही त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रात ढगाळ हवामान झाले, किमान तापमान वाढले आणि नुकतीच सुरू झालेली थंडी गायब झाली. याचे कारण वाऱ्यांच्या दिशेत आहे. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र दक्षिणेला असेल तर त्याच्या उत्तरेकडच्या भागात, म्हणजे आपल्याकडे, ते पूर्वेकडून येतात आणि बंगालच्या उपसागरावरील बाष्प सोबत आणतात. उत्तरेचे कोरडे वारे अडतात. निरभ्र आकाश आणि कोरडी हवा या दोन्ही अटी एकाच वेळी मोडतात. वादळाचा प्रभाव ओसरल्यावर, डिसेंबरच्या मध्याला, थंडी परतलीही.

दुसरा प्रकार वेगळा आहे. त्यात आकाश स्वच्छ असते, पण हिवाळा लवकर आटोपतो. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाचे सरासरी तापमान २२.०४ अंश होते. १९०१ पासूनच्या नोंदींत एवढा उष्ण फेब्रुवारी आढळत नाही. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये कमाल तापमानाची देशातील सरासरी २९.५४ अंशांवर गेली होती आणि तोही त्यावेळचा उच्चांक ठरला होता. पश्चिमी विक्षोभ दुबळे राहिले, उत्तरेची थंड हवा खाली उतरली नाही, की असे घडते. यात मुख्यतः दुपार तापते.

पहिल्या प्रकारात रात्र उबदार होते, दुसऱ्यात उन्हाळा आधी येऊन ठेपतो. 'थंडी पडली नाही' असे आपण दोन्ही वेळा म्हणतो, पण पिकांवर होणारे परिणाम सारखे नसतात.

'नेहमीपेक्षा' म्हणजे कशापेक्षा?

लातूर जिल्ह्यात मार्गशीर्ष अमावस्येला वेळअमावस्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे असा बेत शेतातच होतो. साहजिकच सारा गाव वर्षातून एकदा एकाच दिवशी पिके आणि हवा पाहतो. 'मागच्या येळवशीला केवढी थंडी होती!' ही तुलना तिथेच निघते.

ही तुलना किती खरी? येळवस चांद्र तिथीला असते. २०२४ मध्ये ती एकदा ११ जानेवारीला आली आणि पुन्हा ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये ती १९ डिसेंबरला होती. म्हणजे दोन येळवशींच्या इंग्रजी तारखांत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडू शकते. १९ डिसेंबरच्या पिकाची ११ जानेवारीच्या पिकाशी तुलना करून 'यंदा पीक मागे आहे' म्हणणे योग्य नाही. ऋतू सूर्यावर चालतात. म्हणून तुलनेसाठी मकरसंक्रांतीसारखा, १४-१५ जानेवारीच्या आसपास स्थिर राहणारा दिवस अधिक सोयीचा. चांद्र आणि सौर कालगणनेतील फरक शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

हवामानशास्त्रात 'सामान्य' तापमान म्हणजे ३० वर्षांची सरासरी. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. पूर्वी १९८१ ते २०१० धरत असत. सरासरीचा काळ पुढे सरकला की वाढलेली उष्णताही 'सामान्य'मध्ये मिसळते, आणि तीच पहाट नव्या हिशेबात कमी उबदार ठरू शकते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि २०२४ हे १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. असे असले तरी एका उबदार हिवाळ्यावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, आणि एका कडाक्याच्या थंडीवरून तो खोटाही ठरत नाही. तापमानवाढीने उबदार हिवाळ्यांची शक्यता वाढते. एखाद्या आठवड्यात थंडी का गेली याचे उत्तर मात्र फेंगलसारख्या घटनेत शोधावे लागते. विद्यार्थ्यांना हा भेद समजला तर या विषयावरील निम्मे वाद मिटतील.

पिकांचे घड्याळ

वनस्पतींना दिवस मोजता येत नाहीत, त्या उष्णता मोजतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्ये ही कल्पना मांडली. आज तिला 'अंश-दिवस' म्हणतात. दिवसाच्या सरासरी तापमानातून पिकाचे आधार तापमान वजा करायचे. उरेल ती त्या दिवसाची जमा. आधार तापमान पिकागणिक बदलते. उदाहरणापुरते ते ८ अंश धरू, आणि फुलापासून दाणा भरेपर्यंतच्या अवस्थेला ६०० अंश-दिवस लागतात असे मानू.

थंड हिवाळ्यात कमाल २८ आणि किमान १२ असेल तर सरासरी २०, रोजची जमा १२. ६०० पुरे व्हायला ५० दिवस लागतील. उबदार हिवाळ्यात कमाल २९ आणि किमान १९ असेल तर सरासरी २४, रोजची जमा १६. आता ३७ ते ३८ दिवसांतच अवस्था संपेल. दुपारचा पारा फक्त एका अंशाने वाढला, तरी उबदार रात्रींनी पिकाचे बारा दिवस खाल्ले.

लवकर तयार झाले तर बिघडले काय? दाणा भरतो तो प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नावर. उष्णतेने पिकाचे घड्याळ पुढे पळते, पण रोजचे ऊन वाढत नाही, उलट ढग असतील तर घटते. बारा दिवसांचे ऊन वजा झाले की दाणा बारीक राहतो. दुसरे असे, की रात्री वनस्पती फक्त श्वसन करते. तापमान १० अंशांनी वाढले तर श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. दिवसा कमावलेले रात्री जास्त खर्ची पडते.

गव्हाच्या बाबतीत याचा अनुभव देशाने घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये कमाल तापमानाची देशातील सरासरी १९०१ पासूनची सर्वाधिक ठरली. नेमका तेव्हा उत्तर भारतात गव्हाचा दाणा भरत होता. उत्पादनाचे अंदाज खाली आले आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. जगभरातील प्रतिमानांच्या अभ्यासावरून, सरासरी तापमान एका अंशाने वाढले तर गव्हाचे जागतिक उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला होता.

रेणापूर भागात अधिक महत्त्वाचा आहे तो हरभरा. त्याचा बराचसा पेरा कोरडवाहू असतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीने धरून ठेवलेली ओल हेच त्याचे भांडवल. हवा उबदार असली की पानांतून आणि जमिनीतून पाणी वेगाने उडते, आणि घाटे भरण्याआधीच ओल संपते. दुपारचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले तर परागकणांची फलनक्षमताही कमी होते. मात्र थंडी जितकी जास्त तितके चांगले, असेही नाही. सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिले तर हरभऱ्याची फुले घाटे न धरताच गळतात. उत्तर भारतातील शेतकऱ्यांना ही अडचण येते. हरभऱ्याला बेताची थंडी लागते.

या भागातील जुन्या माणसांना 'हरभऱ्याची आंब' ठाऊक असते. हरभऱ्याच्या पानांवरील सूक्ष्म केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले स्रवतात. रात्री पिकावर स्वच्छ कापड पसरायचे आणि पहाटे दवाने भिजलेले कापड पिळून आंबट पाणी गोळा करायचे, अशी ही रीत. दव पडायचे तर पान दवबिंदूच्या खाली गार व्हायला हवे आणि त्यासाठी आकाश मोकळे हवे. ढगाळ हिवाळ्यात कापड कोरडेच राहते. आंब मिळाली की नाही ही एका अर्थी रात्रीच्या प्रारणाची नोंदच आहे.

किडींचेही घड्याळ उष्णतेवर चालते. कीटकांच्या शरीराचे तापमान हवेबरोबर बदलते, म्हणून उबदार हवेत घाटेअळीची पिढी लवकर पुरी होते. ढगाळ, दमट हवेत ज्वारी आणि करडईवर मावा वाढतो. त्याच्या गोड स्रावाने पाने चिकट झाली की शेतकरी 'चिकटा पडला' म्हणतात. अशा वर्षी आठवड्यातून एकदा होणारी पाहणी दोनदा करावी. हरभऱ्यात हेक्टरी ५ कामगंध सापळे आणि पक्ष्यांना बसायला थांबे लावावेत. सापळ्यात पतंग किती आले हे मोजले तर विनाकारण फवारणी टळते.

एकच रात्र, दोन हिशेब

उसाचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. ऊस पक्व होताना रात्री गार आणि हवा कोरडी असावी लागते. गारव्याने वाढ थांबते, पण पानांचे काम चालू राहते, आणि तयार झालेली साखर कांड्यांत साठते. रात्री उबदार राहिल्या तर ऊस वाढतच राहतो आणि साखरेचा उतारा घटतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के मूळ उताऱ्याशी जोडलेला आहे. त्यामुळे पहाटेचा पारा आणि शेतकऱ्याला मिळणारा पैसा यांचा थेट संबंध आहे.

त्याच शेताच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. पाचटाचे किंवा ताडपत्रीचे छप्पर, आत लहान मुले, आणि पहाटे अंधारात तोडीला निघायचे. त्यांना उबदार हिवाळा म्हणजे दिलासा. रात्री वीज आल्यावर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यालाही तो सुसह्य वाटतो. पण कोपीजवळच्या साचलेल्या पाण्यातील डासांनाही तीच ऊब मानवते. हिवतापाचा व्हायव्हॅक्स परजीवी डासाच्या शरीरात साधारण १६ अंशांखाली वाढू शकत नाही. थंडीमुळे डासांना आणि रोगाला मिळणारी सक्तीची विश्रांती अशा वर्षी आखूड होते. तेव्हा उबदार हिवाळा चांगला की वाईट, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणासाठी, असे आधी विचारावे लागते.

पाण्याचा हिशेब मात्र सर्वांना लागू आहे. लातूरकरांनी १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन आलेली पहिली रेल्वे पाहिली आहे. ती वेळ आली ती मुख्यतः पावसाने पाठोपाठ दगा दिल्यामुळे. पण पावसाळा संपल्यावर साठा फक्त कमीच होत जातो, आणि हिवाळा उबदार असला की बाष्पीभवनाचा वेग आधीच वाढतो. कमी पावसाच्या वर्षी उबदार हिवाळा आला तर पाण्याचे नियोजन मार्चमध्ये नव्हे, डिसेंबरातच करायला हवे.

शाळेत करून पाहा

१. दोन ताटल्यांचा प्रयोग. सारख्या आकाराच्या दोन उथळ ताटल्या घ्या. त्यांखाली पाचट किंवा कडब्याचा जाड थर द्या, म्हणजे जमिनीची उष्णता पोचणार नाही. दोन्हींत सारखेच पाणी घाला. संध्याकाळी एक ताटली उघड्यावर आणि दुसरी दाट झाडाखाली ठेवा. सूर्योदयापूर्वी दोन्ही पाण्यांचे तापमान मोजा. निरभ्र रात्री आणि ढगाळ रात्री हा फरक किती बदलतो ते पाहा. पूर्वी अलाहाबादकडे उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांवर मातीच्या उथळ भांड्यांत पाणी ठेवून याच तत्त्वाने बर्फ तयार करीत. रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आहे.

२. तापमानाची वही. तापमापी सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर टांगा. १ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात रोज पहाटेचे आणि दुपारी तीनच्या सुमाराचे तापमान, आकाश किती ढगाळ आहे आणि दव पडले की नाही, एवढे लिहा. जागा आणि वेळ बदलू नका. नाहीतर फरक हवेचा की जागेचा, हे कळणार नाही.

३. अंश-दिवसांचा आलेख. याच नोंदींवरून रोजची जमा काढून बेरीज करीत जा. जवळच्या एकाच शेतातील हरभऱ्याला पहिले फूल कधी आले आणि पहिला घाटा कधी धरला, त्या तारखा आलेखावर दाखवा. दुसऱ्या वर्षी त्याच वाणाच्या, त्याच सुमारास पेरलेल्या शेताची नोंद घ्या. तारखांत फरक पडेल. अंश-दिवसांतही तेवढाच फरक पडतो का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या.

एका वर्षाच्या नोंदीतून फारसे हाती लागणार नाही. पण नववीच्या वर्गाने सुरू केलेली वही पुढच्या नववीकडे, आणि तिच्याकडून त्याच्या पुढच्या वर्गाकडे जात राहिली, तर दहा वर्षांनी गावापाशी स्वतःच्या हिवाळ्याचा दस्तऐवज असेल. जिल्ह्याच्या वेधशाळेतील आकडे आपल्या नदीकाठच्या शेताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे आपण वर पाहिलेच. पेरणी कधी करावी, कोणता वाण घ्यावा, पाण्याची पाळी कधी द्यावी, हे निर्णय पुढे याच मुलामुलींना घ्यायचे आहेत. त्या वेळी 'पूर्वी थंडी जास्त असायची' या आठवणीपेक्षा वहीतला आकडा त्यांच्या अधिक उपयोगी पडेल.